‘पिगस्किन परेड’ : उसन्या नावाचा खेळाडू

करमणुकीकडे करमणूक म्हणूनच पाहावे, तीतून बोध पिळून काढीत बसू नये, असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे आम्हांस वाटत नाही. उसाचा रस मिळाला तर तो प्यावा. त्याचे औषध करण्याचा हट्ट कशास? परंतु कधी कधी असे घडते की, ज्यांनी केवळ हसविण्याचा विडा उचललेला असतो त्यांच्याच तोंडून एखादे सत्य सहज निसटून जाते, आणि गंभीर ग्रंथकारांनी शेकडो पृष्ठे खर्चून जे सांगितले ते विदूषक एका कोलांटउडीत सांगून मोकळा होतो. अशाच एका विदूषकी बोलपटाची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस येथे करून देणार आहोत.

बोलपटाचे नाव ‘पिगस्किन परेड’. अमेरिकेतील ट्वेंटिएथ सेंचुरी-फॉक्स या कंपनीने तो १९३६ च्या ऑक्टोबर महिन्यात प्रसिद्ध केला. दिग्दर्शक डेव्हिड बटलर, आणि लांबी सुमारे दीड तासाची. नाव ऐकून वाचक बुचकळ्यात पडतील, म्हणून प्रथम त्याचा अर्थ सांगतो. ‘पिगस्किन’ म्हणजे डुकराचे कातडे. जुन्या काळी चेंडू करावयाचा तो डुकराच्या पोटातील पिशवी फुगवून. त्यावरून अमेरिकन फुटबॉलच्या चेंडूस थट्टेने हे नाव पडले. पुढे तो चेंडू गाईच्या कातड्याचा होऊ लागला, तरी नाव मात्र डुकराचेच राहिले. ‘परेड’ म्हणजे थाटाची मिरवणूक. तेव्हा ‘चेंडूची मिरवणूक’ असे या बोलपटाचे मराठी नाव ठेविले तरी चालेल. इंग्लंडात हा खेळ लोकांच्या परिचयाचा नसल्यामुळेच की काय, तेथे हाच बोलपट ‘हार्मनी परेड’ या नावाने दाखविण्यात आला.

त्या काळच्या अमेरिकेत कॉलेजातील जीवनावर रचलेल्या विनोदी बोलपटांचे मोठे पीक आले होते. त्याची पेरणी मूकपटांच्या काळीच झाली होती. १९२५ साली हॅरॉल्ड लॉइड या सुप्रसिद्ध विनोदी नटाने ‘द फ्रेशमन’ या चित्रपटात, कॉलेजात नव्याने आलेल्या व सर्वांची मर्जी संपादण्यासाठी धडपडणाऱ्या एका भोळ्या मुलाचे चित्र रंगविले. १९२७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘गुड न्यूज’ हे संगीत नाटक आले. त्यातील पेच असा की, संघाचा पहिल्या प्रतीचा खेळाडू खगोलशास्त्रात कच्चा. तो परीक्षेत उतरला नाही तर मोठ्या सामन्यात खेळणार कसा? या नाटकाचे बोलपट पुढे १९३० साली व पुन्हा १९४७ साली निघाले. १९३२ साली मार्क्स बंधूंनी ‘हॉर्स फेदर्स’मध्ये तर कॉलेजच्या अध्यक्षासच पैसे देऊन खेळाडू आणावयास बाहेर पाठविले!

या साऱ्या चित्रपटांचा साचा थोड्याफार फरकाने एकच. त्यांत वर्ग भरलेला क्वचितच दिसतो. प्रोफेसर असला तर तो विसराळू असावयाचा. ग्रंथालयात कोणी गेले तर ते पुस्तकासाठी नव्हे, कोणास तरी भेटण्यासाठी. विद्यार्थी बोलता बोलता गाऊ लागतात, चालता चालता नाचू लागतात, आणि शेवटल्या वीस मिनिटांत एक मोठा सामना होऊन सर्वांचे सर्व प्रश्न सुटतात. असे चित्र लोकांस इतके का आवडावे? आमच्या मते त्याचे एक कारण असे की, पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी कॉलेजची पायरी चढलेली होती. १९३० च्या सुमारास अमेरिकेची लोकसंख्या बारा कोटींहून अधिक असता उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी जेमतेम अकरा लाख होते. त्यातच १९२९ च्या अखेरीस आलेल्या आर्थिक मंदीने लाखो कुटुंबांची दैना उडविली. ज्यांस रोजच्या भाकरीची भ्रांत होती त्यांस हे गाणारे, नाचणारे, फीची चिंता नसलेले कॉलेज म्हणजे दुसरा स्वर्गच वाटला असल्यास नवल नाही.

आता गोष्ट सांगण्यापूर्वी त्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कारण आमच्याकडे ज्यास फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात आणि मैदानाची लांबी, दोन्ही टोकांचे गोलचे पट्टे सोडून, शंभर यार्ड असते. चेंडू गोल नसून लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. पायापेक्षा हाताचेच काम अधिक. ज्या संघाकडे चेंडू असेल त्यास दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड साधले की पुन्हा नवे चार. न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाचे गडी चेंडूवाल्यास खाली पाडण्यासाठी त्याच्या अंगावर झेप घेतात. आपल्या हुतूतूत चढाई करणाऱ्या गड्यावर जशी झडप पडते तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे धावणाऱ्याने दम धरावयाचा नसून चेंडू धरावयाचा असतो. त्याने चेंडूसह शेवटची रेषा ओलांडली म्हणजे ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात.

हा खेळ पूर्वी फारच रानटी होता. गड्यांनी एकमेकांचे हात गुंतवून भिंतीसारखे चालून जावयाचे आणि समोरच्यांनी त्यांस तसेच जाऊन भिडावयाचे, अशा रीतीमुळे हातपाय मोडणे ही नित्याची गोष्ट झाली होती. १९०५ च्या हंगामात तर अनेक तरुण प्राणांस मुकले. त्या वर्षी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याविषयी बजाविले. पुढील वर्षी नियम बदलले, आणि त्यांतील एक बदल आमच्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चेंडू हाताने पुढे लांब फेकण्याची मुभा १९०६ साली प्रथमच मिळाली. तेव्हापासून केवळ रेटारेटीला पूर्वीइतके महत्त्व राहिले नाही. ज्याच्या दंडात फेकण्याचे बळ आणि ज्याच्या डोळ्यात नेम, तो मुलगा सोन्याच्या मोलाचा झाला. ‘पिगस्किन परेड’ची सारी कथा अशा एका दंडाभोवती फिरते.

कथेचा आरंभ एका चुकीने होतो. येल हे अमेरिकेतील अत्यंत जुन्या विद्यापीठांपैकी एक. त्याची स्थापना १७०१ ची. ज्याच्यावरून त्यास हे नाव मिळाले तो एलिहू येल १६८७ ते १६९२ पर्यंत मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. पुढे १७१८ साली त्याने देणगीदाखल पाठविलेला माल व पुस्तके पोचल्यावर कृतज्ञतेने त्या संस्थेस त्याचे नाव देण्यात आले. हिंदुस्थानात मिळविलेल्या संपत्तीचा असा एक धागा त्या दूरच्या विद्यामंदिरात गुंफलेला आहे. फुटबॉलमध्येही येलचा दबदबा मोठा. १९१४ साली बांधलेल्या त्याच्या क्रीडागारात सुमारे सत्तर हजार लोक बसत, आणि हा बोलपट निघाला त्याच वर्षी, म्हणजे १९३६ साली, देशातील सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूस मिळणारे हाइझमन पारितोषिक येलच्याच लॅरी केली यास मिळाले.

बोलपटात हे येल विद्यापीठ एका धर्मार्थ सामन्यासाठी टेक्सास विद्यापीठास बोलाविण्याचे ठरविते. परंतु नावाच्या घोटाळ्याने आमंत्रण जाऊन पडते ते ‘टेक्सास स्टेट’ नावाच्या एका लहानशा, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या कॉलेजकडे. (हे कॉलेज तेव्हा काल्पनिक होते, आज टेक्सास प्रांतात या नावाचे जे विद्यापीठ आहे त्यास हे नाव २००३ साली मिळाले.) हत्तीने मुंगीस कुस्तीचे आव्हान द्यावे आणि मुंगीने आनंदाने उड्या माराव्यात, तसे त्या कॉलेजात होते. त्याच वेळी तेथे स्लग विंटर्स नावाचा नवा शिक्षक खेळ शिकविण्यास येतो. त्याच्याबरोबर त्याची बायको बेसी. नवऱ्यास पगार मिळतो, परंतु खेळातील डावपेच बेसीस अधिक कळतात, आणि हे तिला, त्याला व पाहणाऱ्यांस सारखेच ठाऊक असते. या जोडप्याची कुरबुर हा बोलपटातील विनोदाचा मोठा झरा आहे. जॅक हेली व पॅट्सी केली या दोघांनी तो चांगला वाहता ठेविला आहे.

संघ कसाबसा उभा राहतो न राहतो तोच त्याच्या मुख्य गड्याचा पाय मोडतो. आता येलसमोर उभे कोणी राहावयाचे? अशा अडचणीच्या वेळी विद्यार्थ्यांस एमॉस डॉड नावाचा एक खेडवळ तरुण सापडतो. अंगाने धिप्पाड, बोलण्यास लाजाळू, पायात जोडा घालण्याची सवय नाही. त्याच्या शेतात खरबुजांच्या जातीची फळे होतात, आणि ती तो लांबवर इतक्या अचूक नेमाने फेकतो की पाहणाऱ्यांची बोटे तोंडात जातात. जो मनुष्य खरबूज असे फेकतो तो चेंडू कसा फेकील? विद्यार्थ्यांच्या आनंदास पारावार राहत नाही. एमॉसला व त्याच्याबरोबर त्याची धाकटी बहीण सेअरी हिला ते कॉलेजात घेऊन येतात.

परंतु येथे एक धोंड आडवी येते. एमॉसने शाळेचे शिक्षण पुरे केलेले नाही. त्यास कॉलेजात प्रवेश मिळणार कसा? तोड निघते ती अशी : त्याच कॉलेजात जहाल मतांचा एक विद्यार्थी असतो; त्याची रवानगी तुरुंगात होते, आणि त्याची कागदपत्रे व नाव घेऊन एमॉसला त्याच्या जागी बसविण्यात येते. खरा विद्यार्थी गजांआड, आणि त्याच्या नावाने खरबुजे फेकणारा शेतकरी मैदानावर! यानंतरचे फार सांगण्याचे कारण नाही. सामन्याच्या दिवशी येलच्या मैदानावर हिमवर्षाव होत असतो. एमॉसला त्या बुटांचे ओझे होते. अखेर तो बूट काढून फेकतो आणि बर्फातून अनवाणी धाव घेऊन आपल्या संघास विजय मिळवून देतो. प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्यात आणि हसत घरी जावे, एवढ्यासाठीच हे सारे रचलेले आहे, आणि ते काम बोलपट चोख बजावितो.

संगीताविषयी सांगावयाचे तर, गीते सिडनी मिचेल व ल्यू पोलॅक यांची आहेत. कथा थोडी पुढे सरकली की गाणे, पुन्हा सरकली की नाच, असा क्रम. ‘यॉट क्लब बॉइज’ नावाच्या चार गायकांचे एक विनोदी मंडळ यात विद्यार्थी म्हणून वावरते. त्यांची वये पाहता ते कॉलेजात नापास होत होत मुरलेले असावेत असेच वाटते, आणि थट्टा ती हीच. एमॉसचे काम करणारा स्टुअर्ट अर्विन हा मात्र खरा गुणी नट. भोळेपणाचे सोंग आणताना तो कोठेही त्या पात्रास हास्यास्पद करीत नाही. आपण हसतो ते त्याच्या भोवतालच्या शहाण्यांस. साहाय्यक भूमिकांसाठी ऑस्कर पारितोषिके १९३६ च्या चित्रपटांपासून प्रथमच ठेवण्यात आली, आणि त्या पहिल्या वर्षीच्या नामनिर्देशांत अर्विनचे नाव होते. पारितोषिक मिळाले ते वॉल्टर ब्रेनन यास. लहानसहान कामांत पुढे नावारूपास आलेली मंडळीही या बोलपटात दिसतात. बेटी ग्रेबल ही येथे दुय्यम भूमिकेत आहे; दुसऱ्या महायुद्धाच्या काळी तिचे छायाचित्र हजारो अमेरिकन सैनिकांच्या सामानात होते. विद्यार्थ्यांच्या घोळक्यात ॲलन लॅड हाही आहे. त्याचे नाव श्रेयनामावलीतही नाही.

येथवर आम्ही हसविण्याची बाजू सांगितली. आता ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिकडे वळतो. सामना संपतो, मिरवणूक निघते. परंतु सोमवारी सकाळी एमॉस डॉडचे काय होते? बोलपटास तो प्रश्न पडत नाही. एवढ्या मोठ्या विद्यालयात एकही मनुष्य असा निघत नाही की, या मुलास जवळ बसवून ‘तुला वाचावयास काय येते?’ असे विचारील. त्याचा दंड कॉलेजास हवा आहे. त्याचे डोके शेतातच राहिले तरी कोणाची हरकत नाही. इतकेच नव्हे, तर त्याचे नावही कोणास नको. विजय मिळतो तो दुसऱ्याच्या नावावर. ज्याच्या नावाने कागदोपत्री शिक्षण चालले आहे तो तुरुंगात, आणि ज्याच्या अंगात बळ आहे त्याच्यापुढे पुस्तक नाही! गंमत म्हणून सांगितलेली ही गोष्ट क्षणभर थांबून पाहिली तर हसू ओठांवरच थिजते.

आणि ही निव्वळ कल्पना नव्हती. कार्नेगी फाउंडेशन या संस्थेने अमेरिकेतील शंभराहून अधिक कॉलेजांतील खेळांची पाहणी करून ऑक्टोबर १९२९ मध्ये एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. खेळाडूंस निरनिराळ्या मिषाने पैसा पुरविणे, नावापुरती नोकरी देणे, शाळाशाळांतून चांगले गडी हेरून त्यांस आमिषे दाखविणे, हे प्रकार बहुतेक ठिकाणी चालू असल्याचे त्यात दाखवून दिले होते. क्रीडागारांचे कर्ज फेडावयाचे, तर प्रेक्षक हवेत. प्रेक्षक हवेत, तर विजय हवा. विजय हवा, तर बलवान गडी हवा. मग त्याला बाराखडी येते की नाही, हे कोणी पाहावे? असे ते चक्र. मार्क्स बंधूंचा चित्रपट आणि ‘पिगस्किन परेड’ हे दोन्ही त्या अहवालानंतरचे आहेत. शेकडो पृष्ठांचा अहवाल किती लोकांनी वाचला असेल ते असो. बोलपट मात्र लाखोंनी पाहिले, आणि ज्या गोष्टीची लाज वाटावयाची तिला ते हसले. लोक एखाद्या वाईट गोष्टीस हसू लागले म्हणजे ती सुधारण्याच्या मार्गास लागली, की अंगवळणी पडली, हे ठरविणे कठीण असते. आम्हांस वाटते, येथे दोन्ही थोडे थोडे झाले.

याच्या उलट बाजूची एक खरी हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. केंटकी प्रांतात सेंटर नावाचे एक लहान कॉलेज आहे. त्या वेळी त्यात तीनशेच्या आसपास विद्यार्थी होते. या कॉलेजने २९ ऑक्टोबर १९२१ रोजी बलाढ्य हार्वर्ड विद्यापीठास त्याच्याच मैदानावर ६ विरुद्ध ० गुणांनी हरविले, आणि सारा देश चकित झाला. मुंगीने हत्तीस चीत केल्याची ही खरी घडलेली कथा. विजयाचे ते एकमेव टचडाउन करणारा बो मॅकमिलिन हा टेक्सास प्रांतातून आलेला मुलगा. एमॉसप्रमाणेच त्याचीही शाळेची पुंजी अपुरी होती. परंतु येथेच दोघांच्या वाटा भिन्न होतात. मॅकमिलिन यास कोणी उसने नाव दिले नाही. केंटकीतील सॉमरसेट गावच्या शाळेत पुन्हा विद्यार्थी म्हणून बसून त्याने राहिलेले विषय पुरे केले, आणि मग कॉलेजात पाऊल टाकिले. त्या शाळेच्या बाकावर बसताना त्या तगड्या तरुणास संकोच वाटला नसेल काय? परंतु हार्वर्डच्या मैदानावर तो धावला तेव्हा स्वतःच्या नावाने धावला, आणि आज शंभर वर्षांनंतरही ते नाव त्याचेच आहे.

काही विद्यापीठांनी निराळा उपाय केला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या पुढाकाराने त्या विद्यापीठाने १९३९ च्या डिसेंबरात आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंदच केला. ज्या मैदानावर हजारो लोक ओरडत असत ते ओस पडले. पुढे तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखालील एका दालनात एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुभंजनाची नियंत्रित साखळीक्रिया जगात प्रथम घडवून आणिली. याचा अर्थ खेळ बंद केला म्हणजे विज्ञान फुलते असा कोणी घेऊ नये. तीस वर्षांनी, १९६९ साली, त्याच विद्यापीठाने फुटबॉल पुन्हा सुरू केला, आणि ते योग्यच झाले. दोष मैदानाचा कधीच नव्हता. दोष होता तो मुलाचा एक अवयव तेवढा निवडून घेण्याचा.

एमॉस हे कल्पित पात्र आहे. परंतु या बोलपटात त्याच्यासारखेच एक खरे मूल आहे, आणि आज जो कोणी हा बोलपट पाहतो तो बहुधा तिच्यासाठीच पाहतो. एमॉसची बहीण सेअरी हिचे काम करणारी मुलगी म्हणजे ज्यूडी गार्लंड. पूर्ण लांबीच्या बोलपटातील तिचे हे पहिलेच काम. चित्रीकरणाच्या वेळी तिचे वय अवघे चौदा वर्षांचे. मिनेसोटा प्रांतातील ग्रँड रॅपिड्स या गावी १० जून १९२२ रोजी तिचा जन्म झाला. खरे नाव फ्रान्सिस गम. धड तीन वर्षांची होण्यापूर्वीच ती बहिणींबरोबर रंगमंचावर गाऊ लागली होती. १९३५ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने तिच्याशी करार केला, परंतु तिला काय काम द्यावे हे कंपनीस सुचेना. तेव्हा या बोलपटासाठी तिला दुसऱ्या कंपनीकडे उसनी देण्यात आले. एमॉसचे नाव उसने, आणि त्याची बहीण होणारी नटीच उसनी! दोन वेण्या घातलेली ती खेडवळ पोर गाण्यास उभी राहते, आणि तिचा आवाज ऐकताच भोवतालचा सारा खटाटोप क्षणभर फिका पडतो. एवढ्याशा गळ्यातून एवढा भरदार, जाणता स्वर निघावा याचे आश्चर्य आजही ओसरत नाही.

पुढे १९३९ साली ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या बोलपटाने ती जगप्रसिद्ध झाली. त्यात तिच्याबरोबर रस्ता चालणारा पत्र्याचा मनुष्य झालेला नट म्हणजे आमचा स्लग विंटर्स, जॅक हेलीच. मुलीचे भाग्य उजळले असे जगास वाटले. परंतु पडद्यावर स्वतःचे रूप प्रथम पाहून या मुलीस आनंद झाला नाही. आपण लठ्ठ व कुरूप दिसतो असे वाटून ती खिन्न झाली, आणि कंपनीतील थोरांनी ही समजूत दूर करण्याऐवजी अधिकच घट्ट केली. तिच्या खाण्यावर पहारा बसला. काम लांबले तर जागे राहण्यासाठी गोळ्या, काम संपले तर झोप येण्यासाठी गोळ्या, असा आपला त्या वेळचा दिनक्रम तिने पुढे मुलाखतींतून सांगितला आहे. कायद्याप्रमाणे बालनटांस दिवसाचे काही तास शिकविणे भाग होते, म्हणून चित्रागाराच्या आवारातच शाळा होती. पण शाळा आणि चित्रीकरण यांच्या ओढाताणीत शाळेची बाजू नेहमीच दुबळी असे. सुस्वर गळ्याची ही स्त्री २२ जून १९६९ रोजी लंडन येथे, झोपेच्या औषधाची मात्रा अधिक झाल्याने, वयाच्या ४७ व्या वर्षी मृत्यू पावली. एमॉसचा दंड हवा होता, डोके नको होते. ज्यूडीचा गळा हवा होता. बाकीची मुलगी कोणास फारशी नको होती.

आजची स्थिती काय आहे, असे वाचक विचारतील. अमेरिकेतील कॉलेज-खेळ आता फार मोठा व्यापार झाला आहे, आणि पूर्वी जे चोरून होत असे ते पुष्कळसे उघडपणे होऊ लागले आहे. २०२१ च्या जुलैपासून खेळाडू विद्यार्थ्यांस आपले नाव व छायाचित्र वापरू देऊन पैसा मिळविण्याची परवानगी मिळाली. २०२५ च्या जुलैपासून खेळाच्या उत्पन्नाचा वाटा विद्यापीठांनी त्यांस प्रत्यक्ष देण्याचीही सोय झाली. यात न्यायाची गोष्ट आहे हे आम्ही मान्य करतो. ज्याच्या घामावर क्रीडागारे भरतात त्यास कवडीही न देणे ही काही नीती नव्हे. एमॉसला आता दुसऱ्याचे नाव घ्यावे लागणार नाही. उलट त्याच्या स्वतःच्या नावासच भाव येईल. परंतु सोमवार सकाळचा जो प्रश्न १९३६ साली कोणी विचारला नाही, तो पैशाने आपोआप सुटत नाही. गुडघा दुखावला, फेक चुकू लागली, नवा एमॉस सापडला, तर या एमॉसजवळ स्वतःचे असे काय उरते? हे त्या मुलास कोणी तरी वेळेवर विचारले पाहिजे, आणि विचारणारा त्याचा हितचिंतक असला पाहिजे, गिऱ्हाईक नव्हे.

आमच्या तरुण मित्रांनो, तुमच्यांपैकी कोणी चांगला धावतो, कोणी गोड गातो, कोणाचा हात चित्रकलेत बसला आहे. हे गुण देणगीदाखल मिळालेले आहेत. ते झाकून ठेवू नका. मैदानावर जा, रंगमंचावर उभे राहा, टाळ्या मिळाल्या तर आनंदाने घ्या. परंतु कोणी येऊन ‘तुझा हा गुण तेवढा आम्हांस दे, बाकीची कटकट आम्ही पाहून घेऊ’ असे सांगू लागला, तर सावध व्हा. त्या ‘बाकीच्या कटकटी’तच तुमचे अक्षर, तुमचे गणित, तुमची विचार करण्याची शक्ती आणि तुमचे नाव ही सारी येतात. मॅकमिलिनने एक वर्ष अधिक शाळेत काढिले. त्यामुळे त्याचा वेग कमी झाला नाही.

आणि पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाच्या एखाद्या गुणाचे कौतुक चार लोकांत होऊ लागले म्हणजे आनंदाच्या भरात आपल्या मनातूनही बाकीचा मुलगा कधी कधी नाहीसा होतो, तिकडे लक्ष असावे. बक्षीस घेऊन आलेल्या मुलास ‘किती गुण मिळाले?’ हे सगळेच विचारतात, ‘दमलास का? आज काय वाचलेस?’ हे विचारणारे माणूस घरातच असावे लागते.

‘पिगस्किन परेड’ कोणास पाहावयास मिळाला तर त्याने तो अवश्य पाहावा आणि मनमोकळे हसावे. विनोदी बोलपट हसण्यासाठीच असतात. मात्र शेवटी मिरवणूक निघून वाद्ये वाजू लागली म्हणजे, बर्फात अनवाणी उभ्या असलेल्या त्या लाजाळू मुलाकडे एकदा नीट पाहावे, आणि त्याचे खरे नाव एमॉस डॉड होते एवढे ध्यानात ठेवावे.